बारा धडं आणि एक तोंड

"बारा माणसांचं तोंड तुम्ही पळवलंत आणि पुसल्याचा आळ माझ्या हातांवर घातलात. हे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणणार असाल, तर ज्या खुर्चीवर बसला आहात ती सोडा."

एवढं लिहून दत्तप्रसादनं लॅपटॉप मयूराकडे फिरवला. ती गौरीसमोरचं ताट उचलत होती. तिनं ताट खाली न ठेवताच वाचलं.

"पहिल्याच ओळीत? अरे, निदान 'डिअर' तरी घाल."

"डिअर कोण आहे त्यांच्यात?"

"पद्धत असते."

"पद्धतीनंच घोळ केलाय सगळा."

नवऱ्याचं डोकं तापलेलं असलं की मयूरा भांडी घासायला घेते आणि नळ मोठा सोडते. तिनं नळ मोठा सोडला.

आता ही तोंडं कुणाची, पळवली कुणी आणि मेलबर्नजवळ वेरिबीच्या एका भाड्याच्या घरात ऑगस्टच्या थंडीत हा माणूस कुणावर एवढा पेटला होता, ते पहिल्यापासून सांगायला हवं.

दत्तप्रसाद शिकायला आला दोन हजार सातला, अकाउंटिंग करायला. अकाउंटंट काही झाला नाही. टॅक्सी चालवली, कांदे सोलले, आणि शेवटी मेलबर्नमधल्या एका बड्या संस्थेच्या वस्तुभांडारात कॅज्युअल म्हणून चिकटला. त्याला अकरा वर्षं झाली. संस्था म्हणजे संग्रहालयच, पण कागदोपत्री नाव भारदस्त. याचं काम वस्तू हलवण्याचं. जुनी भांडी, नकाशे, तलवारी, चित्रं. उचला, गुंडाळा, खोक्यात घाला, खोक्यातून काढा, भिंतीवर टांगा. पुस्तकं वाचून, विचारून, चुका करून तो ते काम असं शिकला होता की डिग्रीवाली पोरं नाजूक वस्तू असली की हळूच म्हणायची, "मेट, तूच घे ना." तरी अकरा वर्षांत कॅज्युअलचा पर्मनंट झाला नाही. शिफ्ट असेल तर मेसेज येणार, नसेल तर नाही. लॉकडाऊन लागल्यापासून मेसेज बंदच होते.

भांडारात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात अभ्रकावर काढलेली बारा चित्रं. रांगोळीत चमचमतं तेच हे अभ्रक. त्याचे कांद्याच्या पातीसारखे पातळ, आरपार दिसणारे पापुद्रे निघतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडचे चित्रकार त्यावर माणसं रंगवायचे आणि मायदेशी निघालेल्या साहेबाला विकायचे. न्हावी, शिंपी, धोबी, पाणक्या, सुतार, तेली, कासार. 'तिकडे लोक कसे असतात' हे आपल्या आत्याला दाखवायला साहेब ती घेऊन जायचा. राजाराणीची चित्रं महाग, ही स्वस्त. हे बारा जण कुठल्या साहेबाच्या आत्याकडून ऑस्ट्रेलियात आले, कुणास ठाऊक.

मार्चमध्ये सगळं बंद होणार म्हटल्यावर हुकूम सुटला, दोन दिवसांत नाजूक वस्तू बांधून आतल्या खोलीत ठेवा. अभ्रकाची पेटी आली दत्तप्रसाद आणि शैलेंद्र या दोघांच्या वाट्याला. शैलेंद्र नागपूरचा, राहायला क्रेगीबर्नला, तोही कॅज्युअल. दोघांनी मिळून प्रत्येक पापुद्र्यामध्ये मऊ कागद घातला आणि पेटी बंद केली.

जुलैमध्ये फोटो काढायला कुणीतरी पेटी उघडली. बाराही जणांना तोंड नव्हतं.

पागोटं होतं, खाली अंगरखा होता, हातात वस्तरा होता, पण मधे चेहऱ्याच्या जागी नुसतं आरपार अभ्रक. खालच्या टेबलाचा करडा रंग दिसत होता.

मग दत्तप्रसादला मेल आला. भाषा लोण्यासारखी. दोष कुणालाच द्यायचा नाहीये, सगळ्यांसाठीच कठीण काळ आहे, वगैरे वगैरे. सोबत एक फॉर्म. त्यात लिहिलं होतं की मार्चमध्ये बांधाबांध करताना माझ्या हाताला सॅनिटायझर होता, त्यानं चेहऱ्यांचे रंग विरघळून पुसले गेले आणि हे मला मान्य आहे. खाली सहीची रेघ. शुक्रवार अठ्ठावीस ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत. सही केली की प्रकरण मिटलं, शिफ्ट सुरू झाल्या की त्याचं नाव यादीत पहिलं. पुरावा म्हणून एका जुन्या माहितीपुस्तिकेचं स्कॅन केलेलं पान जोडलं होतं. त्यात न्हाव्याचा आणि शिंप्याचा कृष्णधवल फोटो. दोघांना नाकडोळ्यांसकट चेहरे.

"नो ब्लेम म्हणतायत ना?" मयूरानं विचारलं होतं.

"दोष नाही तर सही कशाला?"

तो शैलेंद्रला फोन करायला अंगणात गेला. घरात निहारिकाची शाळा चालू होती आणि 'बाबा, शूऽऽ' ऐकून घ्यायची त्याची मनःस्थिती नव्हती.

"शैल्या, मार्चबद्दल तुला काही विचारलं का त्यांनी?"

पलीकडे मायक्रोवेव्ह वाजला. शैलेंद्रनं त्याचं दार उघडलं, बंद केलं. जरा जास्तच वेळ लावला.

"अरे यार, विचारलं ना. दत्तानं सॅनिटायझर वापरला का? मी म्हटलं, वापरला. सगळेच वापरत होतो. अख्ख्या शहरात थेंब मिळत नव्हता अन् आपल्याकडे बादल्या भरलेल्या. विसरला का?"

"ग्लव्ज घालायच्या आधी वापरला. हे सांगितलंस?"

"ते विचारलंच नाही त्यांनी."

"आणि तू सांगितलंही नाहीस."

"दत्त्या, बाईंनी मला सांगितलं की तू कबूल केलंय. मी म्हटलं, यानं स्वतःच मानलं तर मी कशाला मधे पडू?"

"कुठल्या बाईंनी?"

"संचालकबाईंनीच. स्वतः फोन केला होता. पहिले तर मलाच दत्तप्रसाद समजून बोलत होत्या पाच मिनिटं."

यात नवल नव्हतं. मागे एकदा दोघांच्या ओळखपत्रांची अदलाबदल झाली होती, तर चार दिवस गेटवर कुणाला पत्ता लागला नाही. शैलेंद्रला चकचकीत टक्कल आणि दत्तप्रसादचे केस कपाळावर येतात. दोघांनी तेव्हा त्यावर पोटभर हसून घेतलं होतं.

"मी काहीही कबूल केलेलं नाही," दत्तप्रसाद म्हणाला. "तू लिहून दिलंस का?"

"मेल केला. छोटासा. अरे, इकडे सासूबाईंचा व्हिसा लटकलाय, पोरीची युनिव्हर्सिटी आहे. तू कर ना सही, बात खतम. चेहरेच तर गेले, माणसं थोडीच मेली?"

फोन ठेवल्यावर दत्तप्रसाद बराच वेळ कपड्यांच्या दोरीखाली उभा राहिला. या शैल्याला डब्यातली पुरणपोळी दिली, याच्या घराचं सामान हलवलं, याच्यासाठी पहाटे पाचला एअरपोर्टला गेलो. आता हा खरंच घाबरलाय, की यानंच काही केलंय आणि माझ्यावर ढकलतोय? एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की ते मैत्रीबित्री बघत नाही.

आणि ते तिथंच थांबलं नाही. रात्री दात घासताना तो स्वतःच्या बोटांकडे बघायला लागला. ग्लव्ज नक्की घातले होते? बाराही वेळा? तिसऱ्या की चौथ्या चित्राला ग्लव्ह फाटला होता, तो बदलला. बदलताना पुन्हा सॅनिटायझर चोळला. तो वाळला होता का? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मार्चमध्ये त्या माणसांना चेहरे होते की नव्हते, हेच त्याला आठवेना. हलवणारा माणूस कडा बघतो, कोपरे बघतो. कुठे तडा आहे, कुठे पापुद्रा सुटलाय. बारा जणांना त्यानं स्वतःच्या हातांनी झोपवलं होतं आणि एकाच्याही तोंडाकडे पाहिलं नव्हतं. हे कुणाला सांगणार? मयूरालासुद्धा त्यानं सांगितलं नाही. सोमवारी त्यानं फॉर्म प्रिंट करून फ्रिजवर लावून ठेवला. सही करायला फक्त पेन उचलायचं बाकी.

मंगळवारी गौरी आल्या.

मयूराच्या सासरी उभ्याच्या गौरी. चार वर्षांपूर्वी सासूबाईंनी पितळेचे दोन मुखवटे धोतराच्या फडक्यात बांधून तिच्या हवाली केले होते. विमानतळावर अधिकाऱ्यानं ते उलटेपालटे करून 'यात माती किंवा बिया आहेत का' असं विचारलं होतं. दरवर्षी साडी नेसवायला शहराच्या दुसऱ्या टोकाहून नणंद यायची. यंदा पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, म्हणून नणंद व्हिडिओवर होती आणि फोन फळांच्या टोपलीला टेकवला होता. धाकटीसाठी घरचा लोखंडी स्टँड होता. थोरलीचा स्टँड मोडला होता, म्हणून उभ्या पंख्याचं डोकं काढून उरलेल्या दांड्याला साडी चढत होती.

"निऱ्या खालून ओढ गं," फोनमधून हुकूम आला. "पोट कुठाय तिचं? तांदळाचा डबा बांध की!"

"बांधलाय. ताई, तुम्ही जरा दमानं घ्या."

"मंगळसूत्र आधी घाल, मग मुखवटा. नाहीतर मागच्या वेळेसारखं मुंडकं पडायचं. दत्ता कुठाय? त्याला मुखवटे आणायला सांग."

दत्तप्रसाद आतून मुखवटे घेऊन आला. फडकं सोडवत दारात उभा राहिला आणि तसाच राहिला.

समोर बाई उभी होती. हिरवी साडी, पदर, हातात बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. गळा म्हणजे पंख्याचा दांडा. वर काही नाही. आरपार मागची खिडकी दिसत होती आणि खिडकीतून शेजाऱ्याची कचऱ्याची लाल झाकणाची बिन.

"आण की इकडे," मयूरा म्हणाली. "असा काय बघतोयस?"

"हिचं तोंड कुणी पुसलेलं नाही."

"काय?"

"पुसलेलं नाहीये, मयूरा. अजून ठेवलेलं नाहीये!"

"अगं बाई, याला झालं काय?" फोन म्हणाला.

त्यानं मुखवटे मयूराच्या हातात दिले आणि लॅपटॉप उघडला. जुलैचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. रंग बोटानं पुसला गेला तर फरफटतो, डाग राहतो, कडेला ओघळ येतो. इथे काहीच नव्हतं. पागोट्याची कड कपाळावर येऊन सुईनं ओढल्यासारखी थांबली होती. अंगरख्याचा गळा गोल, पुरा. मधे चित्रकारानं जागा मोकळी सोडली होती, ठरवून सोडली होती. न्हाव्याची, धोब्याची, तेल्याची, सगळ्यांची जागा एकाच मापाची.

मग त्यानं पुस्तिकेतला तो पुरावा मोठा केला. न्हावी आणि शिंपी. दोघांचं नाक सारखं. ठीक आहे, एकाच चित्रकाराचा हात. दोघांची मान सारखी वळलेली. तेही ठीक. पण दोघांच्या डाव्या भुवईवर आडवा चरा होता. त्याच जागी, तेवढाच. तो रंगवलेला नव्हता, रंग उडून पडलेला होता.

म्हणजे चेहरा एकच होता! वेगळ्या जाड कागदावर काढलेला. तो खाली ठेवायचा आणि वर एकेक पापुद्रा घालायचा. न्हाव्याचा घातला की तो न्हावी, उचलून शिंप्याचा घातला की तोच शिंपी. साहेबाच्या दिवाणखान्यातला खेळ. बारा जातींचे, बारा कामांचे लोक, आणि तोंड सगळ्यांना मिळून एक. साहेबाला तेवढंच पुरत होतं.

मयूरानं मुखवटा दांड्यावर बसवला, बोटानं हलवून बघितला. बसला.

"मग तो कागद कुठाय?" तिनं विचारलं.

हा प्रश्न तिचा. त्याचं श्रेय तिलाच द्यायला हवं.

दत्तप्रसाद उठला आणि कपाटातून आपल्या जुन्या डायऱ्या काढल्या. भांडारात फोन न्यायला बंदी असते, म्हणून तो खिशात छोटी वही ठेवतो आणि कुठली वस्तू कुठे टांगली, कशी होती, ते मराठीत टिपून ठेवतो. दोन हजार सतराच्या वहीत सापडलं. 'मीटिंगची खोली. छोटी फ्रेम, अनोळखी हिंदी गृहस्थ. दोन हुक. बोडका, खाली धड नाही, मान ताटासारखी सपाट कापलेली, विचित्रच. डाव्या भुवईवर रंग उडालाय, आधीचाच.'

म्हणजे कुणीतरी पेटीतून तो चेहरा काढला होता. फ्रेम करून 'अज्ञात गृहस्थ' म्हणून वेगळा टांगला होता. आणि पेटीची नोंद तशीच ठेवली. आणि तो टांगला होता खुद्द दत्तप्रसादनं, स्वतः दोन हुक ठोकून.

"आता पाठव की हे त्यांना," मयूरा म्हणाली.

"असं पाठवलं तर ती फ्रेम कुठल्या कपाटात जाईल सांगता येत नाही. समोरासमोर विचारतो."

गुरुवारी दोन वाजता मीटिंग होती, लॅपटॉपवर. तो इस्त्रीचा शर्ट घालून गौरीकडे पाठ करून बसला. मयूरा कॅमेऱ्यात येणार नाही अशी ओट्याला टेकून उभी राहिली. पडद्यावर संचालकबाई आल्या, आपल्या घरच्या खोलीतून. एच.आर.चा माणूस कॅमेरा बंद ठेवून नुसता नावापुरता हजर होता.

"थँक्स फॉर जॉइनिंग, शैलेंद्र," बाई म्हणाल्या.

"दत्तप्रसाद."

"ऑफ कोर्स. सॉरी. बिझी वीक."

त्यानं सांगायला सुरुवात केली. पागोट्याची कड, गळ्याची रेघ, जागेचं माप. इंग्रजी त्याचं साधं, पण मुद्दे खिळ्यासारखे. मधेच चुकून आवाज बंद झाला होता; निहारिका आतून डोकावून ओरडली, "बाबा, यू आर ऑन म्यूट!" त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

बाई मान हलवत राहिल्या. म्हणाल्या, इंटरेस्टिंग आहे, पण त्या काळचे तिकडचे चित्रकार सगळ्यांना सारखाच चेहरा द्यायचे. दे ऑल लुक द सेम, स्टाइलच होती ती.

"चेहरा सारखा, मान्य," दत्तप्रसाद म्हणाला. "उडालेला रंगही सारखाच? तोही स्टाइलमध्येच उडतो?"

एच.आर.चा माणूस खोकला. माणूस आहे म्हणायचा.

बाई कॉफीचा कप घ्यायला जरा बाजूला वाकल्या. तेवढ्यात त्यांच्या मागची भिंत मोकळी झाली. एक कुंडी, एक दिवा, आणि दोन्हींच्या मधे एक छोटी फ्रेम. बोडका माणूस. मान ताटासारखी कापलेली.

दत्तप्रसाद पडद्याजवळ सरकला. मीटिंगच्या खोलीत नाही, कपाटात नाही, तर यांच्या घरी!

"तुमच्या मागे भिंतीवर," त्यानं सावकाश विचारलं, "ते कोण आहेत?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. मग पुढे पाहिलं. चेहरा हसराच होता, फक्त हात माउसकडे गेला.

"ओह, ते माझ्या स्टडीतलं काहीतरी. आपल्या विषयाशी संबंध नाही."

आणि पडद्यावर एकदम निळा समुद्र आला. पांढरी वाळू, नारळाची झाडं. कुंडी गेली, दिवा गेला, फ्रेम गेली. बाईंच्या कानाभोवती झावळ्या लपलप करत होत्या आणि मधूनच अर्धा कान समुद्रात गडप होत होता.

"मॅडम, तो समुद्र काढा."

"सॉरी?"

"तो समुद्र काढा आणि भिंत दाखवा. दोन मिनिटं."

"आय थिंक वी आर आउट ऑफ टाइम," एच.आर.चं नाव बोललं. "फॉर्म उद्या पाचच्या आत, प्लीज. नो प्रेशर."

पडदा काळा झाला. त्यात दत्तप्रसादला स्वतःचं तोंड दिसलं आणि मागे गौरीचा पदर.

मयूरानं फोन पुढे केला. ओट्यापाशी उभ्या उभ्या तिनं फोटो काढला होता. तिरका, हललेला. फ्रेम दिसत होती, बोडकं डोकं दिसत होतं. भुवई मात्र दिसत नव्हती. भुवईच्या जागी लॅपटॉपच्या काचेवर ट्यूबलाइटची तिरीप पडली होती.

"हे पुरेल का?" तिनं विचारलं.

"नाही. म्हणून तर त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं."

त्यानं तो फोटो शैलेंद्रला पाठवला. खाली लिहिलं, 'ग्लव्जचं खरं काय ते आता लिहून दे.' दोन निळ्या खुणा उमटल्या. वाचलं होतं. उत्तर आलं नाही.

मग तो लिहायला बसला आणि पहिली ओळ ती लिहिली, जी वर सांगितली.

मयूरानं नळ बंद केला, हात पुसले आणि शेजारी येऊन बसली. विसर्जनाची वेळ होत आली होती. मुखवटे उतरवून पुन्हा फडक्यात बांधायचे होते. पण ती म्हणाली, "आधी हे पाठव. तोवर त्यांचं तोंड असू दे जागेवर."

तिनं पत्र पुन्हा वाचलं. 'डिअर' घातलं नाही. एका ठिकाणी 'तुम्ही चोर आहात' होतं, ते तिनं खोडलं. "ते त्यांना म्हणू दे," ती म्हणाली. "आपण फक्त विचारायचं." फ्रिजवरचा फॉर्म काढला, सहीच्या रेघेवर दत्तप्रसादनं मोठ्या अक्षरांत 'नाही' लिहिलं, देवनागरीत, त्याचा फोटो काढून जोडला. वहीचं पान जोडलं. बाईंच्या पत्त्याखाली संस्थेच्या नियामक मंडळावरच्या नऊही जणांचे पत्ते टाकले, म्हणजे एकानं दाबलं तरी आठ जण उरतील.

शेवट त्यानं एकट्यानं लिहिला:

"मी सही करणार नाही. उद्या पाचपर्यंत तुम्हाला माझी सही हवी आहे, तर त्याच पाचपर्यंत मला तुमचं उत्तर हवं आहे, लेखी, तुमच्या पूर्ण नावानं. पेटीतून तो चेहरा कुणी काढला? बारा जणांची नोंद दुरुस्त का केली नाही? शैलेंद्रला मी कबूल झालो असं खोटं कशाच्या आधारे सांगितलंत? आणि तुमच्या घरच्या भिंतीवर कुंडी आणि दिव्याच्या मधे जो माणूस टांगला आहे, त्याच्या डाव्या भुवईवर काय आहे? उठा, जवळ जाऊन बघा आणि सांगा. काय आहे?"